जलमार्ग की खुष्कीचा मार्ग? 'मोरिया' आणि मार्सेय, १९१०

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनहून मुंबईस येण्याचे दोन पर्याय होते. एक, टिलबरीहून जिब्राल्टरमार्गे थेट जहाजाने. दुसरा, रेल्वेने फ्रान्स ओलांडून मार्सेय बंदरात तेच जहाज गाठण्याचा. दुसऱ्या मार्गाने काही दिवस वाचत आणि बिस्केच्या उपसागरातील खवळलेला समुद्र टळे.

२/ नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात नेताना मार्गाची निवड हा सोयीचा नव्हे, कायद्याचा प्रश्न होता. बंदी फ्रान्सच्या भूमीवरून न्यायचा तर फ्रान्सची अनुमती हवी. जलमार्गात तो प्रसंग येत नव्हता.

३/ १ जुलैला 'मोरिया' टिलबरीहून निघाली. परंतु खुष्कीने येणाऱ्या प्रवाशांसाठी पी. अँड ओ. कंपनीची जहाजे मार्सेयला थांबत. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी शौचकूपाच्या झरोक्यातून समुद्रात उडी घेतली व पोहत धक्का गाठला. टाळलेली भूमी अखेर पायाखाली आलीच.

४/ फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिश पहाऱ्याच्या स्वाधीन केले. फ्रान्सने बंदी परत मागितला. वाद हेगच्या लवादापुढे गेला.

५/ २४ फेब्रुवारी १९११ चा निर्णय असा: अटकेत अनियमितता झाली, तथापि बंदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. त्यापूर्वीच मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा ठोठावल्या गेल्या होत्या. पुढचा प्रवास अंदमानचा होता. त्यात मार्ग एकच, समुद्राचा.