जलरंगातील वेशचित्रे : विषय आपल्या तालुक्यातच आहेत

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांतील काही मुलेमुली आता फॅशन डिझाईनच्या अभ्यासक्रमाकडे वळू लागली आहेत. निफ्टच्या प्रवेशपरीक्षेत सर्जनशीलतेची वेगळी चाचणी असते. इतर कॉलेजांतही स्वतःच्या चित्रांची फाईल दाखवावी लागते. या फायलींत बहुधा एकच प्रकार दिसतो : उंच, किडकिडीत, नाक-डोळे नसलेली मुलगी आणि तिच्या अंगावर मोबाईलवर पाहिलेला गाऊन. हात चांगला असतो, पण नजर उसनी असते. जलरंगात कपडे रंगवायला विषय कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर जोयडा तालुक्यात राहणाऱ्याला फार लांब शोधायला नको. ते कसे, याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख.

माणसाने अंगावर काय आणि कसे घातले आहे, हे ज्या चित्राचा मुख्य विषय असते त्याला येथे वेशचित्र म्हटले आहे. इंग्रजीतले फॅशन इलस्ट्रेशन हा त्याचाच एक प्रकार. युरोपात रेने ग्रुओ (1909–2004) हा त्यातला मोठा माणूस. ख्रिश्चन डियॉरच्या कपड्यांची त्याची चित्रे पाहिली तर चार-पाच फटकाऱ्यांत पूर्ण झगा उभा राहिलेला दिसतो आणि निम्मा कागद कोराच असतो. त्याच्याकडून उचलायचे ते एवढेच, की काय रंगवायचे नाही हे आधी ठरवावे. बाकी शिक्षणासाठी आपल्याकडचीच माणसे पुरेशी आहेत.

आधी धुरंधर पाहा

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म 1867 साली कोल्हापूरला झाला. 1890 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे तेथेच शिक्षक होऊन 1931 पर्यंत राहिले. या काळावर त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहिले. तैलचित्रे, पोस्टकार्डे, पुस्तकांतील चित्रे असे त्यांचे काम अफाट आहे. आपल्या विषयासाठी त्यातले एक पुस्तक महत्त्वाचे : ऑटो रॉथफेल्ड या आयसीएस अधिकाऱ्याचे ‘विमेन ऑफ इंडिया’, 1920 च्या सुमाराचे. त्यातली रंगीत चित्रे धुरंधरांची आहेत. निरनिराळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या आणि धंद्यांतल्या स्त्रिया एकेका पानावर उभ्या आहेत. रॉथफेल्डचा मजकूर आज वाचवत नाही. साहेबी नजर, जातींविषयी ठोकळेबाज विधाने. तो सोडून द्यावा आणि चित्रे पाहावीत. पुस्तक जुने असल्याने इंटरनेटवर फुकट पाहता येते.

ही चित्रे पाहताना चेहऱ्यावर थांबू नका, खाली या. पदर कोणत्या खांद्यावरून कुठे खोचला आहे, काठ पोटरीवर कुठे येतो, कासोटा मागे कसा चढला आहे आणि हातातल्या कामामुळे लुगडे कुठे वर ओढले गेले आहे, हे धुरंधर कधी चुकवत नाहीत. कोळिणीचे लुगडे आणि घरंदाज बाईचे लुगडे लांबीला जवळपास सारखेच असते. फरक नेसण्यात असतो, आणि नेसणे ठरते कामावरून. वेशचित्राचा मूळ धडा माझ्या मते हाच आहे. हे समजले की विषय आपोआप सुचू लागतात, कारण प्रश्न बदलतो. ‘सुंदर काय दिसेल’ याऐवजी ‘ही बाई दिवसभर काय करते आणि म्हणून असे का नेसते’ असे आपण विचारू लागतो.

दुसरी गोष्ट अशी, की शंभर वर्षांनी त्या चित्रांचा उपयोग बदलला आहे. काढली तेव्हा ती पुस्तकाची शोभा होती. आज नेसण्याच्या कितीतरी पद्धतींचा रंगीत पुरावा म्हणून लोक ती उघडतात. त्या काळी कॅमेरा होता, पण रंगीत फोटो दुर्मीळ होते.

धुरंधरांच्या जोडीला सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (1882–1968) पाहावेत. त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. हातात समई, ज्योतीवर आडवा धरलेला तळहात, बोटांमधून झिरपणारा उजेड. अनेकजण ते राजा रवि वर्म्याचे समजतात. चित्र हळदणकरांचे आहे, समोर उभी राहिलेली मुलगी त्यांचीच कन्या आहे, आणि मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे. पुन्हा म्हैसूरला गेलात तर दिवा सोडून साडी पाहा. उजेडाजवळची घडी आणि अंधारातली घडी एकाच कापडाची आहे, पण रंग वेगवेगळे आहेत. जलरंगात चुकलेले पुसता येत नाही, हे ध्यानात ठेवून ते चित्र पाहिले की छाती दडपते.

तिसरे नाव दीनानाथ दलाल यांचे. मूळचे गोव्याचे. 1945 साली त्यांनी ‘दीपावली’ हे मासिक सुरू केले. घरात जुने दिवाळी अंक असतील तर रद्दीत देण्यापूर्वी मुखपृष्ठे काढून ठेवा. कमीत कमी रेषांत साडीचा डौल कसा पकडावा, हे त्यांच्याइतके सोपे करून फार थोड्यांनी दाखवले आहे.

आपल्या भोवतीचे कपडे

जोयड्यात, म्हणजे जुन्या सुपे तालुक्यात, सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते कुणबी बायकांचे नेसणे. अंगासरशी, आखूड, खांद्यावर गाठ मारलेले लुगडे आणि गळ्यात मण्यांच्या माळा. येथील कुणबी गोव्यातून घाटावर आले असे सांगितले जाते, आणि गोव्याच्या कुणबी लुगड्याशी हे नाते दिसतेही. गोव्यात या तांबड्या चौकड्यांच्या लुगड्याला फॅशनच्या जगात आणले वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी. त्यांचे ‘मोडा गोवा’ हे गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारे पुस्तक 2012 साली निघाले, आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे चौकडी दिल्लीच्या रॅम्पपर्यंत गेली हे खरे. पण रॅम्पवर गेली ती चौकडी. खांद्यावरची गाठ, आखूडपणा, चिखलात उतरून लावणी करताना पाय मोकळा राहावा म्हणून केलेली ती सोय मागेच राहिली. चित्रकाराला नेमकी तीच हवी.

आणि ती आता घाईने टिपायला हवी. असे नेसणाऱ्या बहुतेक आज्या आहेत. त्यांच्या सुना पाचवारी नेसतात, नाती चुडीदार घालतात, आणि त्यात गैर काही नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काही कुटुंबे बाहेर पडून दुसरीकडे वसली आहेत. सुपा धरणात गाव गेले तेव्हा आपल्यापैकी अनेकांची घरे रामनगरला आली, त्या वेळी काय काय मागे राहिले ते जुन्या माणसांना विचारा. भांडी आली, देव आले. कोण कसे नेसत होते याचे चित्र मात्र सहसा कोणाच्या घरात सापडत नाही.

येथे एक गल्लत टाळावी. अंकोल्याकडच्या हालक्की बायकांचा वेश दुरून सारखा वाटतो, पण समाज वेगळा आहे. झाडांच्या जाणकार तुळसी गौडा 2021 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला अनवाणी आणि आपल्या नेहमीच्या वेशात गेल्या, तो फोटो सर्वांनी पाहिला आहे. त्या हालक्की होत्या. 2024 च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. तो फोटो समोर ठेवून फक्त बाह्याकृती काळ्या रंगात काढून बघा. चेहरा नसतानाही माणूस ओळखू येतो, एवढा तो वेश स्वतंत्र आहे.

घाटावरून येणारे इलकल लुगडे आपल्या घरांतही आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचे हे विणकाम. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि ते फासांनी जोडतात. म्हणून पदर सुरू होतो तेथे रंग एकदम बदलतो. पदर तांबडा, त्यावर पांढरी, देवळाच्या शिखरासारखी नक्षी. अंगाला मोरपंखी, पोपटी, डाळिंबी. लुगड्यावर कधी कशिदा असतो. धारवाड भागातली ही कसुती मोजून टाके घालून करतात, कापडावर आधी चित्र काढत नाहीत. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असे आकार. जलरंगात कसुतीचा प्रत्येक टाका काढत बसू नये, चित्र मरते. लांबून दिसतील तेवढे ठिपके द्यावेत आणि एक मोर बाजूला चौकटीच्या कागदावर नीट मोजून काढावा. परीक्षकाला दोन्ही दिसतात : नजर आणि अभ्यास.

गवळी-धनगरांच्या वस्त्यांवर नऊवारी अजून रोजच्या वापरात दिसते. कासोटा रंगवायचा तर समोरून कधीच नाही. बाजूने किंवा पाठीमागून बसावे.

सिद्दी बायकांची कवंदी हा वेश नाही, गोधडी आहे. तरीही ती येथे घेतो, कारण रंगसंगती शिकायला तिच्यासारखी शाळा नाही. हल्याळ, यल्लापूर आणि आपल्या भागातल्या सिद्दी वस्त्यांत जुन्या साड्या-कपड्यांचे तुकडे जोडून ती शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे टाके घालत जातात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. जांभळ्याशेजारी पिवळा, त्याला लागून गुलाबी असे धाडस रंगांची पेटी उघडून बसलेल्या आपल्या मुलांना होत नाही. एक कवंदी समोर पसरून नुसते रंगांचे चौकोन उतरवून काढले तरी पुढच्या दहा चित्रांची सोय होते.

प्रत्यक्ष रंगवताना

फॅशनच्या क्लासमध्ये माणसाची उंची नऊ डोकी धरायला शिकवतात. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो. गाऊन नऊ डोक्यांत शोभतो, पण गुडघ्याखाली संपणारे लुगडे त्या मापात घातले की बाई बगळ्यासारखी दिसते आणि काठाची जागा चुकते. आपल्याकडच्या वेशांना साडेसातच ठेवावीत.

चौकडी रंगवण्याचा क्रम असा. आधी कापडाचा मूळ रंग पातळ करून एका दमात भरावा. तो पूर्ण वाळू द्यावा. मग घड्यांच्या सावल्या द्याव्यात, त्याही वाळू द्याव्यात. शेवटी लांब केसांच्या बारीक ब्रशने रेघा. या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ नकोत. खांद्यावर त्या वळतात, घडीत तुटतात, पोटावर फुगतात. शरीराचा आकार त्याच दाखवतात, म्हणून चौकडीचे लुगडे साध्या लुगड्यापेक्षा खरे तर सोपे आहे. इलकलच्या पदरातले पांढरे मात्र रंगाने देऊ नये, कागदाचेच राखावे.

कागद 300 जीएसएमचा घ्यावा. पातळ ड्रॉइंग पेपरवर पाणी पडले की तो कौलासारखा वाकतो. रंग कॅमलचे पुरेत. 1931 मध्ये दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला हा मराठी कारखाना, आणि विद्यार्थ्याला त्याहून महाग रंगांची गरज नसते. आपल्या पावसात जून ते सप्टेंबर कागद दमट राहतो, त्याला बुरशीचे ठिपके येतात. डब्यात, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा. त्या दिवसांत रंग तासभर वाळत नाही, त्यामुळे चौकडीच्या वाटेला जाऊ नये. ओल्यात ओला रंग सोडून भिजलेल्या लुगड्याच्या घड्या, कांबळी-इरली पांघरलेल्या आकृती असे विषय घ्यावेत.

विचारून काढावे

हा भाग मुलांनी वगळू नये. कोणाही आजीचे चित्र तिला विचारल्याशिवाय काढू नये. जंगलातल्या वस्त्यांवर कॅमेरा घेऊन येणारे खूप झाले आहेत. फोटो जातो, परत कोणी येत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन जावे, आजीला आजीच म्हणावे, अगोदर दोन घटका बसावे. चित्र झाले की तिला दाखवावे आणि शक्य तर एक प्रत द्यावी. तिची हरकत नसेल तरच नाव लिहावे, आणि चेहरा मोबाईलवरून पसरवू नये. आता ती पाचवारी नेसत असेल तर केवळ चित्रासाठी जुने नेसायचा आग्रह नको. तिने आपणहून ट्रंक उघडली तर गोष्ट वेगळी.

चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, गाव, कापडाची अंदाजे लांबी, लुगडे कुठल्या बाजारातून घेतले, गाठ कशी मारतात आणि तिला तिच्या भाषेत काय म्हणतात हे लिहावे. बँकेत बिनतारखेच्या कागदाला किंमत नसते, चित्राचेही तसेच. रता कपूर चिश्ती यांनी देशभर हिंडून साडी नेसण्याच्या 108 पद्धती नोंदवल्या, त्या कामाची ताकद अशाच बारीक तपशिलांत आहे.

सुरुवात कुठे करावी असे विचाराल तर माघातल्या उळवीच्या जत्रेत. चन्नबसवेश्वराच्या दर्शनाला धारवाड-बेळगाव भागातून बैलगाड्या येतात, लोक मुक्कामाला असतात, बायका चुली मांडून बसलेल्या असतात. कोणी पोझ देत नाही आणि कोणाला घाई नसते. गर्दीत रंग उघडू नयेत. लहान वही आणि पेन्सिल न्यावी, एकेका आकृतीला दोन मिनिटे द्यावीत, रंगांची नावे बाजूला अक्षरांनी टिपावीत आणि रंगकाम घरी येऊन त्याच संध्याकाळी करावे, कारण दुसऱ्या दिवशी मोरपंखी कोणता होता हे आठवत नाही.