टेम्पो घेताना

परवा भाच्याचा फोन. "मामा, सेकंडहॅन्ड पिकअप घेतोय. काय काय बघू?"

मला एकदम आमच्या अण्णांचा टेम्पो आठवला.

'टेम्पो' हे मुळात हॅम्बुर्गच्या विदाल अँड सोन कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली, त्यांची तीनचाकी रस्त्यावर आली आणि मालाची कुठलीही छोटी गाडी टेम्पोच झाली. मग तो १९८६ साली आलेला टाटा ४०७ असो, की २००५ चा 'छोटा हाथी'. त्याच २००५ मध्ये कंपनी फोर्स मोटर्स झाली, पण लोकांच्या तोंडी टेम्पो राहिला तो राहिलाच!

अण्णांनी १९९५ साली जुना ४०७ घेतला. इंजिन ऐकलं, धूर पाहिला, खाली वाकून पाटे आणि चासीचा गंज तपासला. आरसी बुकातला फायनान्सचा बोजा तेवढा पाहिला नाही. आधीच्या मालकाचे हप्ते थकलेले. आठ महिन्यांनी वसुलीवाले गाडी घेऊन गेले. त्यानंतर अण्णांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

भाच्याला म्हटलं, आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ बघ. चासी नंबर स्वतः ताडून घे. इंजिन मग ऐक.

असो. गाडी आली की पेढे घेऊन ये रे!