द्रवरूप थोरियमची कुळकथा

थोरियम हा किरणोत्सारी धातू अणुविजेच्या चर्चेत येण्यापूर्वीच उजेडाच्या रूपाने वऱ्हाडात पोचला होता. रिद्धपूरसारख्या गावांत वीज येण्याआधी वरातीपुढे चालणाऱ्या गॅसबत्तीचे मेंटल, म्हणजे सुताच्या जाळीची इवलीशी पिशवी, थोरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवलेले असे. ते प्रथम पेटवले की सूत जळून जाई आणि बोट लागताच भुगा होईल असा, पण लख्ख प्रकाश देणारा थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उरे. मुंबईत ट्रॉम्बे येथे 1955 मध्ये सुरू झालेल्या थोरियम कारखान्यात हे नायट्रेट तयार होई आणि त्यासाठीचे थोरियम केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून मिळे.

थोरियम स्वतः इंधन नव्हे. त्याच्या अणूने न्यूट्रॉन शोषला की तो आधी प्रोटॅक्टिनियम आणि मग युरेनियम-233 बनतो, व हे युरेनियम विखंडनक्षम, म्हणजे अणू फुटून उष्णता देणारे, असते. मात्र त्यासोबत अल्प प्रमाणात तयार होणाऱ्या युरेनियम-232 च्या वंशजांतून इतके भेदक गॅमा किरण निघतात की युरेनियम-233 पासून घन इंधनाच्या कांड्या घडवण्याचे काम जाड भिंतीआडून, दूरनियंत्रित यंत्रांनीच करावे लागते. द्रवरूप इंधनाचा खरा लाभ येथे आहे, कारण त्यात कांडी घडवावीच लागत नाही.

अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत 1965 ते 1969 या काळात चाललेल्या प्रायोगिक अणुभट्टीत लिथियम, बेरिलियम व झिर्कोनियम यांच्या फ्लुओराइडांच्या वितळलेल्या मिठात इंधन विरघळवलेले होते, आणि 1968 पासून त्यात युरेनियम-233 वापरले गेले. हे मीठ सुमारे 650 अंश सेल्सिअसलाही उकळत नसल्याने, नेहमीच्या दाबित जल अणुभट्टीत पाण्यावर ठेवावा लागणारा सुमारे दीडशे वातावरणांचा दाब येथे लागत नाही. भट्टीच्या तळाशी गोठलेल्या मिठाचेच बूच असे; ते वितळले की इंधन आपल्या वजनाने खालच्या टाक्यांत उतरे आणि अभिक्रिया थांबे.

ट्रॉम्बेची वाट वेगळी, पण त्याच कुळातली. तेथील सायरस अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या थोरियममधून वेगळे केलेले युरेनियम-233 हे 1984 मध्ये कार्यान्वित झालेल्या पूर्णिमा-2 या भट्टीत नायट्रेटच्या पाणीदार द्रावणाच्या रूपात वापरले गेले. तिची शक्ती नगण्य होती आणि तिच्यात वितळलेले मीठही नव्हते. तरीही थोरियमपासून मिळालेले इंधन द्रवरूपात चालवण्याचा अनुभव महाराष्ट्रात तेव्हाच मिळाला, ही गोष्ट आज फारशी आठवली जात नाही आणि ती आठवली जायला हवी. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतीय वितळ-क्षार प्रजनक भट्टीची संकल्पना मांडली आणि 2013 मध्ये वितळलेल्या क्षारांच्या अणुतंत्रज्ञानावरील परिषद मुंबईत भरली. मिठाने पोखरल्या न जाणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंचा अभ्यास हा या कामातला सर्वांत चिवट भाग होय, कारण ओक रिजच्या भट्टीतही विखंडनातून निघालेल्या टेल्युरियममुळे धातूच्या पृष्ठभागावर बारीक तडे गेले होते.