अंश सीमेपलीकडचा, छेद सीमेआतला : लक्झेंबर्गच्या आर्थिक व पर्यावरणीय आकडेवारीचा इतिहास

प्रस्तावना

युरोपातील लहान राष्ट्रांच्या आकडेवारीचा अभ्यास करताना लक्झेंबर्गचे नाव दोन परस्परविरोधी याद्यांच्या अग्रभागी आढळते. दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादनात हा देश युरोपीय संघात अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. दरडोई हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातही त्याचे स्थान दीर्घकाळ पहिले किंवा पहिल्याच्या निकट राहिले आहे. क्षेत्रफळ अवघे २,५८६ चौरस किलोमीटर आणि २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६ लाख ४३ हजार ९४१. एवढ्या छोट्या देशाचे आकडे इतके मोठे कसे होतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन वेगवेगळ्या ठिकाणी शोधले जाते : संपत्तीचे उत्तर बँकांमध्ये, प्रदूषणाचे उत्तर पेट्रोल पंपांवर. वस्तुतः दोन्ही आकडे एकाच भागाकारातून निर्माण झाले आहेत. अंशस्थानी सीमेपलीकडून आलेले श्रम, भांडवल आणि वाहने. छेदस्थानी मात्र केवळ देशात राहणारी माणसे. या भागाकाराचा इतिहास पाहणे आणि त्याच्या दोन फलितांना सार्वजनिक व्यवहारात सारखी वागणूक मिळाली काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोहखनिज, पोलाद आणि मोजणीच्या सीमा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लक्झेंबर्ग हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता. १८४१ ते १८९१ या अर्धशतकात सुमारे सत्तर हजार लोकांनी देश सोडला असा अंदाज मांडला जातो; त्यातील अनेक जण अमेरिकेत गेले. एकूण लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास असताना हे प्रमाण किती भयावह होते, हे सांगावयास नको.

दक्षिण भागात लोहखनिजाचे विपुल साठे होते. ‘मिनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खनिजात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्यापासून चांगले पोलाद निघत नसे. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने शोधलेल्या प्रक्रियेचा परवाना १८७९मध्ये लक्झेंबर्गमधील उद्योजकांनी मिळवला आणि ही अडचण दूर झाली. खनिजातून वेगळे झालेले स्फुरद धातुमळीत उतरत असे, आणि तीच मळी दळून उत्तरेकडील निकृष्ट जमिनीत खत म्हणून वापरली गेली. उद्योगाचा टाकाऊ पदार्थ शेतीच्या उत्पन्नात जमा झाल्याचे हे उदाहरण पर्यावरणीय लेखांकनाच्या आजच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटावे. १९११मध्ये तीन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘आर्बेड’ ही पोलाद कंपनी स्थापन झाली. पुढील सहा दशके देशाचा अर्थव्यवहार प्रामुख्याने या उद्योगाभोवती फिरत राहिला. मजुरांची गरज प्रथम जर्मन व इटालियन आणि १९६०नंतर विशेषतः पोर्तुगीज स्थलांतरितांनी भागवली.

एवढ्या लहान देशाला स्वतःची बाजारपेठ पुरेशी नव्हती. १८४२मध्ये तो जर्मन जकात संघात सामील झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर तेथून बाहेर पडला. १९२१मध्ये करार होऊन पुढील वर्षापासून बेल्जियमबरोबरचा आर्थिक संघ अस्तित्वात आला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने याचा परिणाम दूरगामी ठरला. आंतरराष्ट्रीय सारण्यांमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘बेल्जियम-लक्झेंबर्ग’ असा जोडरकाना दिसतो. परराष्ट्र व्यापाराचे दोन्ही देशांचे आकडे त्यात स्वतंत्रपणे येऊ लागले ते १९९९पासून. म्हणजे राजकीयदृष्ट्या स्वतंत्र असलेला हा देश जागतिक व्यापाराच्या वहीत पाऊणशे वर्षे शेजाऱ्याच्या खात्यात लिहिला जात होता.

मोजणीचा प्रश्न येथे नेहमीच केवळ तांत्रिक होता असे नाही. नाझी अमलाखाली १० ऑक्टोबर १९४१ या दिवसाची एक शिरगणती योजण्यात आली. नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश या तीन प्रश्नांना लोकांनी ‘जर्मन’ असे उत्तर द्यावे, ही त्यामागील अपेक्षा होती. प्रतिकार गटांनी तिन्ही ठिकाणी ‘लक्झेंबर्गी’ असेच लिहिण्याचे आवाहन केले. प्रारंभिक चाचणीतील उत्तरे प्रतिकूल दिसताच प्रशासनाने ती गणनाच रद्द केली. राष्ट्रीय स्मृतीत या घटनेला मोठे स्थान आहे. आपला कोण आणि परका कोण, हे एखाद्या प्रपत्राच्या रकान्यात ठरू शकते, याची जाणीव या समाजाला फार पूर्वी झाली होती.

‘स्टाटेक’ ही राष्ट्रीय सांख्यिकी संस्था १९६२च्या कायद्याने स्थापन झाली. त्यापूर्वी, १९५३मध्ये, युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाची सांख्यिकी सेवा लक्झेंबर्ग शहरातच सुरू झाली होती. आजच्या ‘युरोस्टॅट’चे मूळ तिच्यात आहे आणि युरोस्टॅटचे कार्यालयही त्याच शहरात आहे. सर्व युरोपची सरासरी जेथे काढली जाते, नेमक्या त्याच देशाला सरासरी सर्वांत कमी लागू पडते, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

झोतभट्टीकडून विद्युत भट्टीकडे

१९७४मध्ये लक्झेंबर्गचे पोलाद उत्पादन ६४ लाख टनांवर पोचले. पुढच्याच वर्षी आलेल्या मंदीने या उद्योगाचा कणा मोडला. शासन, मालक आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटींमुळे सामूहिक बेकारी टळली, पण उद्योगाचे आकुंचन थांबले नाही. शेवटची लोहखाण १९८१मध्ये बंद झाली. एश-बेलव्हाल येथील शेवटची झोतभट्टी १९९७मध्ये विझवण्यात आली आणि पोलाद आता भंगारापासून विद्युत भट्ट्यांमध्ये तयार होऊ लागले. (आर्बेड पुढे २००२मध्ये ‘आर्सेलर’मध्ये विलीन झाली. २००६मध्ये भारतात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने आर्सेलरचा ताबा घेतला.)

या तांत्रिक बदलाचे पर्यावरणीय आकडेवारीवर झालेले परिणाम विलक्षण होते. १९९०मध्ये देशाचे वार्षिक उत्सर्जन सव्वा कोटी टनांच्या आसपास होते. १९९८पर्यंत ते नव्वद लाख टनांच्याही खाली आले. कोणत्याही मोठ्या हवामान धोरणाशिवाय झालेली ही घट होती. विद्युत भट्टीला कोक लागत नाही, वीज लागते, आणि लक्झेंबर्ग आपल्या गरजेतील बहुतांश वीज शेजाऱ्यांकडून, मुख्यत्वे जर्मनीकडून घेत आला आहे. उत्सर्जनाची नोंद वीज जेथे निर्माण होते त्या देशाच्या नावे होते. सबब पूर्वी एशच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूचा काही भाग खरोखर कमी झाला, तर काही भाग दुसऱ्या देशाच्या खात्यात गेला. राष्ट्रीय बेरजेत मात्र ही दोन्ही कारणे वेगळी ओळखता येत नाहीत.

क्योटो कराराच्या अंमलबजावणीसाठी तत्कालीन युरोपीय संघाच्या पंधरा सदस्यांमध्ये भारवाटणी झाली. तीत लक्झेंबर्गने १९९०च्या तुलनेत २८ टक्के घट स्वीकारली. टक्केवारीने पाहता ही संघातील सर्वांत मोठी हमी होती. पण ती दिली गेली तेव्हा झोतभट्ट्या विझल्या होत्या किंवा विझत होत्या. धाडसी दिसणारी ही प्रतिज्ञा बव्हंशी झालेल्या कामाची नोंद होती, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

विकलेले इंधन कोणाचे?

हिशेब चुकला तो रस्त्यावर. लक्झेंबर्गमध्ये पेट्रोल व डिझेल यांवरील अबकारी कर शेजारी देशांपेक्षा दीर्घकाळ कमी ठेवण्यात आला. उत्तर समुद्राच्या बंदरांकडून दक्षिण युरोपकडे जाणारी मालवाहतूक या देशातून जाते. साहजिकच ट्रकचालक टाकी भरण्यासाठी येथे थांबू लागले आणि दररोज कामाला येणारे शेजारी देशांतील नागरिकही येथेच इंधन घेऊ लागले. महामार्गावरील बेर्शेम येथील पंप युरोपातील सर्वाधिक वर्दळीच्या पंपांत गणला गेला. देशात विकल्या जाणाऱ्या वाहन-इंधनापैकी सुमारे तीन चतुर्थांश अनिवासी ग्राहक नेत असत.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार रस्ते वाहतुकीचे उत्सर्जन इंधन कोठे जाळले यावरून नव्हे, तर कोठे विकले यावरून मोजले जाते. परिणामी २००५च्या सुमारास लक्झेंबर्गचे उत्सर्जन पुन्हा सव्वा कोटी टनांच्या पुढे गेले. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा वाहतुकीचा होता आणि दरडोई प्रमाण २५ टनांहून अधिक झाले. २००२मध्ये सुरू झालेल्या वायुआधारित वीज प्रकल्पानेही यात भर घातली. तो प्रकल्प २०१६मध्ये बंद झाला. २००८ ते २०१२ या कालखंडातील लक्ष्य देशांतर्गत उपायांनी गाठता आले नाही. तूट भरून काढण्यासाठी परदेशातून उत्सर्जन-हक्क विकत घ्यावे लागले.

या काळातील अधिकृत अहवालांमध्ये एक स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा येते : हे उत्सर्जन लक्झेंबर्गच्या रहिवाशांचे नाही, सबब दरडोई आकडा दिशाभूल करणारा आहे. हे स्पष्टीकरण तथ्याला धरून आहे. परंतु त्याच लिटरमागे मिळणारा अबकारी कर राजकोषात विनातक्रार जमा होत होता. शासनाच्याच सांगण्यावरून जर्मन अर्थतज्ज्ञ डीटर एव्हरिंगमान यांनी केलेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. इंधनविक्रीतून होणाऱ्या पर्यावरणीय व आरोग्यविषयक हानीचे मूल्य त्या विक्रीतून मिळणाऱ्या महसुलापेक्षा अधिक असल्याचे त्यात दाखवले गेले. २०२१पासून प्रतिटन २० युरो या दराने कार्बन कर लागू झाला. पुढील दोन वर्षांत तो दरवर्षी पाच युरोंनी वाढवण्यात आला. त्याआधी, १ मार्च २०२०पासून, देशातील सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी विनामूल्य करण्यात आली होती. वाहतुकीत शिरलेल्या सीमापार प्रवाशाला सीमेच्या आत तरी तिकीट लागत नाही, एवढे त्यामुळे साधले.

संपत्तीचा आकडा आणि त्याचे वारसदार

आता दुसऱ्या भागाकाराकडे वळू. १९२९चा नियंत्रक कंपन्यांचा कायदा, १९६३मध्ये लक्झेंबर्गच्या रोखेबाजारात नोंदला गेलेला पहिला युरोबाँड आणि गुंतवणूक निधींविषयीचा युरोपीय निर्देश १९८८मध्ये इतरांच्या आधी राष्ट्रीय कायद्यात उतरवण्याची तत्परता, या टप्प्यांनी वित्तव्यवसाय पोलादाच्या जागी आला. त्यासाठी लागणारे मनुष्यबळ देशात नव्हते. ते थिऑनव्हिल, मेट्झ, ट्रियर व आर्लाँ या सीमेपलीकडच्या प्रदेशांतून येऊ लागले. २०००मध्ये नव्वद हजारांच्या आसपास असलेली सीमापार कामगारांची संख्या २०१९पर्यंत दोन लाखांवर गेली. त्यांतील निम्मे फ्रान्समधून येतात, उरलेले जर्मनी व बेल्जियममधून. देशातील पगारी नोकऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या नोकऱ्या त्यांच्याकडे आहेत.

या मंडळींनी दिवसभरात निर्माण केलेले मूल्य स्थूल देशांतर्गत उत्पादनात धरले जाते; संध्याकाळी गाडीत बसून ती परतली की लोकसंख्येच्या छेदात ती नसतात. म्हणूनच क्रयशक्तीच्या मापाने लक्झेंबर्गचे दरडोई उत्पादन युरोपीय सरासरीच्या सुमारे अडीचपट दिसते. रहिवाशांचा प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग मात्र सरासरीच्या सुमारे १.४ पटच भरतो. परदेशी जाणारे वेतन आणि नफा वजा केल्यावर उरणारे स्थूल राष्ट्रीय उत्पन्न देशांतर्गत उत्पादनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहिले आहे. गुंतवणुकीचे चित्र तर याहून अवास्तव आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार लक्झेंबर्गमधील थेट परकीय गुंतवणूक ४ लाख कोटी डॉलर, म्हणजे माणशी ६६ लाख डॉलर होती. लेखकांनी तिच्यासाठी ‘आभासी गुंतवणूक’ असा शब्द योजला, तो सार्थ आहे. या रकमांतील फार मोठा भाग कागदी कंपन्यांतून केवळ पुढे सरकत असतो.

येथील सांख्यिकी तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नाही. दरडोई उत्पादनाच्या मर्यादांचा इशारा युरोस्टॅटच्या सारण्यांखालीही नियमितपणे छापला जातो. शासनाच्या पुढाकाराने पर्यायी कल्याण-निर्देशांकाचे काम सुरू झाले आणि स्टाटेकने २०१७मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. फरक पडतो तो सार्वजनिक वापरात. प्रदूषणाच्या आकड्याबरोबर तळटीप नेहमी येते. संपत्तीच्या आकड्याबरोबर ती क्वचितच येते. परक्याचे उत्सर्जन परक्याचेच मानावयाचे, तर परक्याच्या श्रमाचे उत्पादनही त्याच नियमाने वेगळे काढावयास हवे. दोन्ही देशाचे मानावयाचे, तर दोन्हींची जबाबदारीही देशाकडे येते. एकाच वहीत दोन नियम चालू ठेवता येत नाहीत.

हा वाद कागदापुरता नाही. सीमेपलीकडच्या फ्रेंच नगरपालिकांना कामगारांच्या मुलांच्या शाळा, रस्ते व वृद्धांची देखभाल सांभाळावी लागते. वेतनावरील आयकर मात्र लक्झेंबर्गमध्ये भरला जातो. या करात वाटा मिळावा अशी मागणी फ्रेंच बाजूने अनेकदा झाली आहे. खुद्द लक्झेंबर्गने २०१०मध्ये उच्च शिक्षणासाठीचे विद्यार्थी साहाय्य केवळ देशात राहणाऱ्यांपुरते मर्यादित केले. ज्यांच्या आईवडिलांचे श्रम राष्ट्रीय उत्पादनात मोजले जात होते, ती मुले शिष्यवृत्तीच्या रकान्यातून वगळली गेली. पालकांनी व विद्यार्थ्यांनी दाद मागितली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० जून २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात केवळ निवासाची अट घालून या मुलांना सरसकट वगळणे अयोग्य ठरवले. त्यानंतर महिन्याभरात कायदा बदलण्यात आला. आई किंवा वडील सलग पाच वर्षे लक्झेंबर्गमध्ये नोकरीला असल्यास सीमेपलीकडे राहणारा विद्यार्थीही साहाय्याला पात्र ठरला.