बाळाचे अंगावरचे दूध सोडवल्यावर आईच्या शरीरात काय बदलते?



बाळाला अंगावर कसे पाजावे यासाठी इथे अमेरिकेत हॉस्पिटलात क्लास असतात, पुस्तके मिळतात, लॅक्टेशन कन्सल्टंट घरीसुद्धा येते. पाजणे थांबवल्यावर आईचे काय होते यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. बाळंतपणानंतरची डॉक्टरची तपासणी साधारण सहा आठवड्यांनी होऊन जाते, आणि दूध बहुधा त्यानंतर कित्येक महिन्यांनी सुटते. मुलगी दहा महिन्यांची असताना मला प्रोजेक्टसाठी आठ दिवस बाहेरगावी जावे लागले, म्हणून मी पाजणे एकदम बंद केले. ती चूक होती.

पहिल्या काही दिवसांनंतर दूध बनणे मागणीवर चालते. स्तन रिकामा झाला की नवे दूध बनते. भरलेलाच राहिला तर दुधातलेच काही घटक आणि आतला वाढलेला दाब पेशींना 'आता पुरे' असा निरोप देतात. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत निगेटिव्ह फीडबॅक! त्याला वेळ लागतो, स्विच दाबून दूध थांबत नाही. एकदम थांबवले तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कधी मॅस्टायटिस होऊन थंडीतापही भरतो. त्यापेक्षा दर काही दिवसांनी एकेक वेळचे पाजणे कमी करत जावे. फार ठणकले तर आराम पडण्यापुरतेच दूध पिळावे, कारण पूर्ण रिकामे केले की पुन्हा मागणी आली असे शरीर समजते. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवल्यास बरे वाटते. घट्ट फडके बांधू नये, दुखणे वाढते. कडुनिंब लावण्याचा आजीचा उपाय बाळासाठी असतो. कडू लागले की ते तोंड फिरवते, पण दूध काही त्याने आटत नाही. पुढे कित्येक आठवडे थेंब-दोन थेंब दूध आले तर घाबरू नये. गाठ मात्र आठ-पंधरा दिवसांत विरली नाही, किंवा रक्त दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे.

दूध बंद होताना प्रोलॅक्टिन उतरते, इस्ट्रोजेन वाढते आणि पाळी परत येते. पहिले काही महिने ती अनियमित असू शकते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकते! बाळ सहा महिन्यांच्या आतले, फक्त अंगावर पिणारे आणि आईला पाळी नाही, या तिन्ही गोष्टी असेपर्यंतच दिवस जाण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. एक जरी बदलली तरी दुसरी सोय करावी.

आता मनाचे. मला बाहेरगावाहून परतल्यावर दोन-तीन आठवडे झोप नव्हती, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडू यायचे. आई फोनवर म्हणाली, "अगं, दूध तोडलंस ना, होतं असं." मला हे आधी कोणी सांगितलेच नव्हते. प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन दोन्ही उतरतात, आणि काहीजणींना त्याचा मोठा फटका बसतो, विशेषतः एकदम थांबवल्यास किंवा पूर्वी डिप्रेशन झाले असल्यास. बहुतेकींचे काही आठवड्यांत निवळते. दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरकडे जावे आणि थायरॉइडही तपासून घ्यावा, कारण बाळंतपणानंतरच्या वर्षात तो बिघडला तर लक्षणे अशीच दिसतात. अमेरिकेत आयांसाठी 1-833-852-6262 ही मोफत हेल्पलाइन 2022 पासून चोवीस तास चालते. दुभाषीही मिळतो.

खाण्याचे थोडक्यात. दूध बनवायला रोज साधारण 500 कॅलरी लागत होत्या, त्या आता लागत नाहीत. तेव्हा डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आवरते घ्यावेत (सासूबाईंनी डबा पाठवला असला तरी!). पाजण्याच्या काळात हाडांची घनता तीन ते पाच टक्के कमी होते, पण बंद केल्यावर सहा ते बारा महिन्यांत बहुतेक भरून येते. दूध, नाचणी, तीळ चालू ठेवावे.

छाती सुरुवातीला रिकामी, सैल वाटते. दुधाच्या ग्रंथी आक्रसतात आणि त्या जागी चरबी सावकाश भरते, त्याला काही महिने लागतात. पाजल्यामुळे बांधा बिघडतो हा समज मात्र खोटा आहे; त्याला गरोदरपण, वय आणि धूम्रपान जास्त कारणीभूत असतात.