हृदयाचे बिघडलेले ठोके : सकाळी अ‍ॅब्लेशन, संध्याकाळी घरी



हृदयाचा पंप चालतो तो विजेच्या संदेशांवर. संदेशाची वाट चुकली की धडधड, धाप, चक्कर सुरू होते. यातला नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

गोळ्यांनी भागले नाही तर डॉक्टर कॅथेटर अ‍ॅब्लेशन सुचवतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि बिघाडाची जागा तापवून किंवा गोठवून निकामी करतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. मेल्विन शाइनमन यांनी १९८१ मध्ये नळीतून असा उपचार प्रथम केला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत विजेच्या अतिशय अल्पकाळाच्या झटक्यांची 'पल्स्ड फील्ड' पद्धतही मंजूर झाली.

पूर्वी एक रात्र हॉस्पिटलमध्ये ठेवत. २०२० च्या कोविडकाळात त्याच दिवशी घरी सोडण्याचे प्रमाण वाढले. सोय चांगली आहे, पण त्या रात्रीची नर्स आता आपणच! म्हणून हे लक्षात ठेवा :

१. पेशंटला गाडी चालवू देऊ नका. पहिली रात्र कोणीतरी सोबत हवे.

२. जांघेतून रक्त आले तर आडवे झोपवून ती जागा घट्ट दाबून धरा. थांबले नाही तर ९११.

३. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, श्वास लागणे : लगेच ९११.

४. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती साधारण तीन महिने तरी लागते, पुढचे डॉक्टर ठरवतात.

५. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा धडधड झाली तरी उपचार फसला असे नाही. मात्र डॉक्टरांना कळवा.

६. पुढच्या सुमारे दोन महिन्यांत ताप आला किंवा गिळताना दुखले तर क्रोसिन देऊन वाट पाहू नका. क्वचित अन्ननलिकेला इजा झालेली असते व ती जिवावर बेतते. इमर्जन्सीत जाऊन अ‍ॅब्लेशन झाल्याचे आवर्जून सांगा.

शेवटचा मुद्दा भेटीला आलेल्या आईबाबांसाठी फार महत्त्वाचा. तोवर ते पुण्याला किंवा नागपूरला परतलेलेही असतील! परतीचे तिकीट इथल्या डॉक्टरांना विचारूनच काढा, डिस्चार्जचे कागद सोबत द्या आणि तिथल्या डॉक्टरांना फोन करून ठेवा. व्हिजिटर विम्यात जुना आजार बहुधा वगळलेला असतो, तेव्हा उपचाराआधीच लेखी विचारून घ्या.

ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. पण छापून फ्रिजवर लावायला हरकत नाही.