नऊ दिवसांची डोकेदुखी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचे सिझर झाले. मुलगी झाली, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी भाची दूध पाजायला उठून बसली आणि डोके धरून परत आडवी झाली. मानेपासून कपाळापर्यंत ठणका. आडवी झाली की थोड्या वेळात आराम, बसली की पुन्हा तेच.

चिल्ल्यातल्या बाळंतिणीभोवती बायकांची कमतरता नसते. कुणी म्हणाले, कानात हवा शिरली. कुणी म्हणाले, नजर लागली. खालाजान म्हणाल्या, "भूल उतरायच्या आत उशी घेतली असशील." आणि शेवटी सगळ्यांचे एकच वाक्य, "बाळंतपण म्हटलं की एवढं सोसावंच लागतं."

हे वाक्य माझ्या धाकट्याच्या वेळी मीही ऐकले होते आणि गप्प राहून सोसले होते. खूप नंतर वाचनात कळले की या दुखण्याला इतिहास आहे आणि त्याची पहिली नीट नोंद एका डॉक्टरने स्वतःच्या डोक्यावरून केली आहे.

गोष्ट 1898 सालची, उत्तर जर्मनीतल्या कील शहरातली. इथर आणि क्लोरोफॉर्म येऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पण त्यांनी माणूस पूर्ण बेशुद्ध होई, आणि कधीकधी परत शुद्धीवर येतच नसे. कीलमध्येच हाइनरिश क्विंके या वैद्याने 1891 मध्ये पाठीच्या मणक्यांतून सुई घालून आतले पाणी काढण्याची रीत दाखवली होती. ऑगस्ट बीर या छत्तीस वर्षांच्या सर्जनने विचार केला, याच वाटेने कोकेन आत सोडले तर? 16 ऑगस्टला त्यांनी घोट्याचा क्षय झालेल्या एका मजुरावर हा प्रयोग केला. माणूस जागा, आणि पायावर शस्त्रक्रिया चाललेली! आणखीही काही रुग्णांवर केला. शस्त्रक्रियेत दुखले नाही, पण नंतर कित्येकांना उलट्या झाल्या, डोके धरले.

इथे बीर "एवढं सोसावंच लागतं" म्हणू शकले असते. रुग्णांपैकी पहिला तर मजूरच, त्याला कोण विचारतो? पण 24 ऑगस्टला त्यांनी स्वतःची पाठ पुढे केली आणि हिल्डेब्रांट या आपल्या सहायकाला सुई घालायला सांगितले. सुई बरोबर गेली, पण सिरिंज तिच्यावर बसेना. कोकेन सांडले, मणक्यातले पाणी वाहून गेले, प्रयोग फसला. मग त्याच संध्याकाळी हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांना बीर यांनी सुई दिली. पाय बधिर झाल्यावर टोचून पाहिले, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. काही कळले नाही. पाऊण तासाने भूल उतरली आणि दोघे जेवून घरी गेले.

त्याच रात्रीपासून हिल्डेब्रांट यांना डोकेदुखी आणि उलट्या, नडग्याही सुजून दुखऱ्या. बीर यांचे डोके उभे राहिले की दुखे आणि आडवे झाले की थांबे. असे नऊ दिवस अंथरुणात गेले. 1899 मध्ये त्यांनी हे सगळे छापले आणि कारणही सुचवले: वाहून गेलेले पाणी.

अंदाज बरोबर होता. मेंदू आणि मज्जारज्जू एका पातळ पिशवीत, पाण्यात असतात. भिश्तीच्या पखालीला बारीक भोक पडावे तसे सुईचे भोक राहते आणि पाणी झिरपते. उठून बसले की मेंदूचा आधार कमी पडतो, आजूबाजूची आवरणे ताणली जातात, म्हणून ठणका. तरुण बायकांना हा त्रास जास्त होतो, आणि सिझर त्यांचेच होते. प्रसूतीसाठी ही भूल लगेच पुढे आली. बाझेलच्या ऑस्कर क्रैस यांनी 1900 मध्येच ती कळा देणाऱ्या सहा बायकांना दिली.

उपाय हळूहळू सापडले. सुया बारीक झाल्या. 1951 मध्ये अमेरिकेत पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आली. ती आवरण कापत नाही, धागे बाजूला सारते. म्हणून आज हा त्रास शंभरात एखादीला होतो. 1960 मध्ये गॉर्मली या अमेरिकन सर्जनने पाहिले, की सुई घालताना थोडे रक्त आले तर डोके कमी दुखते. त्यातून रक्ताच्या थिगळाचा उपाय निघाला: बाईच्याच हातातले थोडे रक्त घेऊन पाठीत त्या भोकाजवळ सोडायचे. बहुतेकींना चटकन आराम पडतो. उशीचे म्हणाल, तर सपाट झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही, हे तपासून झाले आहे. खालाजान, माफ करा!

बहुतेक वेळा हे दुखणे दोन आठवड्यांत आपोआप जाते. पण बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते. आडवे होऊनही थांबत नसेल, ताप, झटके, मान ताठणे, अंधारी किंवा रक्तदाब वाढणे असेल, तर तासाभराचाही उशीर नको.

भाचीला मी फक्त एक प्रश्न विचारला होता, "आडवी झालीस की थांबतं का?" तिने मान हलवली. तेच वाक्य आम्ही भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगितले. त्यांनी ऐकले, तपासले, औषधे दिली, तरीही थांबेना तेव्हा थिगळ लावले. संध्याकाळी भाची उशीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर.

बीर मोठे सर्जन होते, पण मला त्यांचे मोठेपण वाटते ते वेगळ्या कारणासाठी. मजुराने डोके दुखते म्हटले आणि त्यांनी ते खरे मानले. आपल्या घरातल्या बाळंतिणीसाठी एवढे तरी आपण करू शकतो. त्याला डॉक्टर असावे लागत नाही.